रकमेच्या रकान्यात ‘एक कार्ड’

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात एका गावात एप्रिल २०२४ मध्ये लग्न झालं. त्या लग्नात दहा हजार रुपयांचं एक गिफ्ट कार्ड आलं आणि त्यापायी वर्षभराच्या आत मुलीचे मामा आणि वडील यांच्यात बोलणं बंद झालं. बचत गटांच्या हिशोबाचं काम करताना हे प्रकरण माझ्यासमोर आलं. दोन्ही घरांनी आपापल्या आहेराच्या वह्या दाखवल्या, सविस्तर बोलले. नावं आणि गावं कुठं यायला नकोत एवढीच त्यांची अट होती, म्हणून इथं सगळे नात्यानंच येतील: मुलगी, तिचे वडील, आजी (वडिलांची आई), मामा आणि मामेभाऊ.

या प्रकरणात लबाड कुणीच नाही. देणाऱ्यानं मनापासून दिलं आणि घेणाऱ्यानं काही दडवलं नाही. तरीही दहा हजार रुपये दोन घरांच्या मधल्या मध्ये नाहीसे झाले आणि वर मन दुखावलं ते वेगळंच. रोख रक्कम आहेरात देणं म्हणजे उरकून टाकणं, त्यात माया नाही, असं शहरात राहायला गेलेल्या आपल्या पोरांना वाटू लागलंय. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते या एका लग्नाच्या हिशोबातून दाखवता येतं.

मुलीच्या वडिलांची सहा-साडेसहा एकर कोरडवाहू जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर. त्या वर्षी मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त आला होता, त्यामुळं सोयरीक जमलेल्या घरांनी एप्रिलातच लग्नं उरकून घ्यायची घाई केली. एका आठवड्यात पंचक्रोशीत लग्नंच लग्नं. मंडपवाला मिळेना, आचाऱ्यानं भाव चढवला. वडिलांनी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत्याकडून पुढच्या पिकावर उचल घेतली, शेकडा तीन रुपये महिन्यानं. तेवढ्यात बस्ता, भांडी आणि किराणा भागला. मंडप, आचारी, वाजंत्री आणि पाण्याचे जार यांचं देणं लग्नाच्या दिवशी संध्याकाळी आहेरातून चुकतं करायचं ठरलं होतं.

आपल्याकडं बहुतेक शेतकरी घरांत लग्न याच हिशोबावर उभं राहतं, आणि रोख आहेर समजून घ्यायचा तर तो इथून घ्यावा लागतो. एकाच दिवशी एवढा मोठा खर्च अंगावर येतो की एका घराला तो पेलत नाही. म्हणून भावकी आणि सोयरे थोडे थोडे पैसे आणतात, ते वहीत लिहिले जातात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की परत जातात. व्याज नाही, तारण नाही, तगादा नाही. परत देताना थोडं वाढवून द्यायचं. पाचशे एक आले असतील तर सातशे एक किंवा हजार एक जातात. बरोबर तेवढेच परत केले तर हिशोब मिटवल्यासारखं दिसतं, आणि सोयऱ्यांत हिशोब मिटवायचा नसतो. आडत्याच्या शेकडा तीनच्या शेजारी ही व्यवस्था ठेवून पाहिली की तिची किंमत कळते.

मांडवाच्या तोंडाशी टेबल होतं. टेबलावर स्टीलचा डबा, लांबट वही आणि दोन पेन. गावातल्या शाळेचे गुरुजी लिहायला बसले होते आणि मुलीचा चुलतभाऊ पाकिटं फोडून नोटा मोजत होता. या घरची वही हळद-कुंकू लावून उघडतात आणि पहिली ओळ तुळजाभवानीच्या नावानं एक रुपयाची असते. त्याखाली रकाने: नाव, गाव, कपडे, रक्कम. दुपारी दीडच्या सुमारास, जेवणाच्या पंगती चालू असताना, मामेभावाचं पाकीट डब्यापाशी आलं. आत चकचकीत कागदाची घडी, घडीत एटीएम कार्डासारखं प्लास्टिकचं कार्ड, मागं रुपेरी पट्टी. पाकिटावर मामांचं नाव आणि ‘ताईला शुभेच्छा’ एवढंच. गुरुजींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. दुकानाचं नाव होतं, आकडा कुठंच नव्हता. ‘किती लिहू?’ त्यांनी विचारलं. चुलतभावाला माहीत नव्हतं, मामेभाऊ स्टेजवर फोटोला उभा होता आणि मागं वीसेक पाव्हणे पाकिटं घेऊन थांबलेले. गुरुजींनी कपड्याच्या रकान्यात ‘साडी, टॉवेल-टोपी’ लिहिलं, कारण मामाचा आहेर आधीच आला होता, आणि रकमेच्या रकान्यात ‘एक कार्ड’. कार्ड मुलीच्या पर्समध्ये गेलं.

पुढचं सगळं त्या दोन शब्दांतून निघालं.

मामेभाऊ चाकणला एका कारखान्यात आहे. त्यानं असं का केलं हे मी त्याला सरळ विचारलं. त्याची कारणं ऐकून मला त्याच्याबद्दल वाईट वाटण्याऐवजी आदरच वाटला. त्याच्या कारखान्यात दिवाळीला असंच कार्ड देतात. तिथल्या मित्रांच्या लग्नात सगळे तेच देतात. पाकिटात नोटा कोंबून देणं त्याला उघडंबोडकं वाटायला लागलंय. हे वरवरचं कारण झालं. त्यानं नंतर सांगितलेलं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. टेबलावर दिलेला पैसा मुलीच्या हाती लागत नाही, हे त्यानं स्वतःच्या बहिणींच्या आणि चुलत बहिणींच्या लग्नात पाहिलेलं. तो मंडपवाल्याकडं जातो, आचाऱ्याकडं जातो, उरला तर वडिलांच्या देण्यात जातो. ‘ताईला काहीतरी तिचं मिळावं, तिनं स्वतः दुकानात जाऊन निवडावं,’ असं त्याला वाटत होतं. शिवाय दहा हजार ही त्याच्या पगारात लहान रक्कम नव्हे.

त्याचं हे म्हणणं खरं आहे, आणि आहेराची बाजू घेणाऱ्या माझ्यासारखीनं ते नीट ऐकायला पाहिजे. वही मुलीच्या नावानं नसते, बापाच्या नावानं असते. जिच्या लग्नाचा आहेर, तिच्या हातात त्यातला रुपया राहीलच याची खात्री नसते. तेव्हा मामेभावाचा हेतू योग्यच होता. त्यानं निवडलेला मार्ग मात्र त्या हेतूच्या आड आला.

मुलगी गंगाखेड तालुक्यात नांदायला गेली. कार्ड इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका मोठ्या साखळीचं होतं आणि त्या साखळीचं तिला जवळचं म्हणता येईल असं दुकान लातुरात. सासरी फ्रिज होता, टीव्ही होता. तिला हवं होतं शिलाई मशीन. ब्लाउज शिवायला ती माहेरीच शिकलेली. मशीन गंगाखेडच्या बाजारात मिळत होतं, पण तिथला दुकानदार हे कार्ड घेणार नाही. आणि कार्डाचे पैसे करून मिळत नाहीत. ‘दहा हजार पर्समध्ये घेऊन मी सहा महिने फिरले आणि मशीनसाठी नवऱ्याकडं मागत होते,’ असं ती म्हणाली.

कार्डांमध्येही दोन जाती आहेत आणि हा फरक घेणाऱ्यानं दुकानातच विचारून घ्यायला हवा. बँका किंवा परवानाधारक कंपन्या जी गिफ्ट कार्डं काढतात त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत: एका कार्डात जास्तीत जास्त दहा हजार रुपये, पुन्हा भरता येत नाही, रोख काढता येत नाही, मुदत किमान एक वर्षाची. ही कार्डं अनेक दुकानांत चालतात. एखादं दुकान किंवा साखळी फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं कार्ड काढते तेव्हा मात्र त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि मुदत तेच दुकान ठरवतं. मामेभावानं घेतलेलं कार्ड या दुसऱ्या जातीचं. मागं बारीक अक्षरात ‘खरेदीपासून सहा महिने’ असं छापलेलं, पण खरेदीची तारीख कार्डावर नव्हती. ती होती बिलावर, आणि बिल मामेभावाच्या ईमेलमध्ये. मुदत संपत आल्याचा मेसेजही त्याच्याच फोनवर आला, कारण खरेदी त्याच्या नंबरवर झाली होती. जाहिरातींच्या ढिगात त्यानं तो पाहिला नाही. म्हणजे पैसा एकाच्या पर्समध्ये आणि त्याची मुदत दुसऱ्याच्या फोनमध्ये.

दिवाळीला ती माहेरी आली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी वाट वाकडी करून लातूरला उतरणं, बसस्टँडवरून रिक्षा करणं, संध्याकाळच्या आत गाव गाठणं हे सोपं नसतं. लहान भावाला सोबत घेऊन ती दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलानं पट्टी खरवडली, नंबर टाकला आणि कार्डाची मुदत ऑक्टोबरात संपल्याचं सांगितलं. तिनं मामेभावाला फोन केला, त्यानं कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की मुदत संपलेली रक्कम परत देता येत नाही.

त्याच दिवसांत वडील मोंढ्यात सोयाबीन घालत होते. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली बोली लागत होती. कार्डात बुडालेली रक्कम म्हणजे हमीभावानं धरली तरी दोन क्विंटलांहून अधिक सोयाबीन. मुलीनं घरी हे कुणालाच सांगितलं नाही. मामेभावाला वाईट वाटेल आणि आपण वेळेत गेलो नाही म्हणून आपल्यालाच बोल लागेल, अशी दुहेरी धास्ती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मामांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. आहेर काय न्यायचा हे ठरवायला वडिलांनी वही काढली. २०१९ मध्ये मामेभावाच्या लग्नात त्यांनी पाच हजार एक दिले होते. त्याची परतफेड त्यांच्या वहीत शोधली तर कपडे दिसले आणि रकमेच्या जागी ‘एक कार्ड’. ते त्यांना शुभेच्छांचं कार्ड वाटलं. रोखीचं मेव्हण्यानं मनावर घेतलं नाही, असा त्यांनी अर्थ काढला; बोलले नाहीत, पण मनात राहिलं. तरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून साडी, टॉवेल-टोपी आणि हजार एक रुपये लिहवून आले.

तिकडं मामांचा हिशोब उलटा. लग्नात त्यांनी स्वतः रोख लिहवली नव्हती, कारण ‘रोखीचं पोरानं दिलंय, दहा हजार.’ त्यामुळं हजार एकचा आकडा त्यांच्या वहीत पडल्यावर त्यांना तो अपमान वाटला. सख्ख्या बहिणीच्या घरून, आपण दहा हजार केल्यावर, हजार एक? त्यांनी विचारलं नाही. विचारणं म्हणजे आहेराचं मागणं झालं असतं, आणि आहेर मागायचा नसतो. पंचमीला बहिणीला आणायला कुणी गेलं नाही. दिवाळीला फोन नाही. दोघंही आपापल्या वहीप्रमाणं शंभर टक्के बरोबर होते.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलं ते हेच. नोटा असत्या तर गुरुजींनी मोजून आकडा लिहिला असता आणि पुढचं सगळं आपोआप झालं असतं. रोख आहेराला कोरडा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की त्या आकड्यामुळं न बोलता येणाऱ्या कितीतरी गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. किती जवळचे, मागचं किती ध्यानात ठेवलं, यंदा घरची ओढाताण आहे की बरं चाललंय, हे सगळं माणसं त्या रकान्यातून वाचतात. कार्डावर किंमत दिसू नये हा शहरातला शिष्टाचार असेल. इथं किंमत दिसली नाही तर देणं दिसत नाही.

गाठ सोडवली आजीनं. सुनेनं भावाकडं जाणं बंद झालेलं तिला सहन होईना, तेव्हा नातीला बसवून तिनं सगळं काढून घेतलं आणि मुलाला म्हणाली, ‘पाव्हण्यानं दहा हजार दिल्यात, तू हजारावर परत केलास.’ वडिलांचं उत्तर ठाम होतं: ‘माझ्या घरात रुपाया आला नाही. मंडपवाल्याला कार्ड देऊ का?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्यांच्या डब्यात ते पैसे पडले नाहीत, मुलीलाही वापरता आले नाहीत, शेवटी दुकानाकडंच राहिले. मग फेडायचं काय आणि का?

आजीचं म्हणणं असं की वही आलेलं मोजत नाही, दिलेलं मोजते. ‘त्याच्या खिशातून गेलं का नाही? मग लिही.’ पुढं तिनं जो दाखला दिला तो मी पहिल्यांदाच ऐकला. तिच्या सासऱ्यांच्या वहीत काही आकड्यांपुढं ‘हाली’ आणि काहींपुढं ‘कलदार’ लिहिलेलं असे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा निजामाचा रुपया तो हाली सिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार; सहा कलदारांना सात हाली असा भाव. संस्थान गेलं, पुढं हालीही चलनातून गेली. म्हणून हालीत आलेला आहेर कुणी बुडवला नाही; भाव लावून परत केला. ‘पैसा बंद पडला म्हणून देणं बंद पडतंय व्हय?’ असा तिचा सवाल.

मला आजीचं पटलं, पण अर्धंच. देणाऱ्याचं देणं लिहिलं गेलंच पाहिजे हे खरं. मात्र हालीचा भाव गावातल्या कुठल्याही सावकाराला, दुकानदाराला माहीत होता आणि हाली कुठल्याही दुकानात चालत होती. हे कार्ड एका दुकानात, सहा महिने, एका वेळेला चालणार. त्यातून ना देणं भागतं ना ते पुढं दुसऱ्याच्या आहेरात देता येतं. अशा गोष्टीचं ओझं घेणाऱ्यावर पूर्ण किमतीनं टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आजीला मी हे म्हटलं. ‘अन्याय दुकानानं केलाय, भाच्यानं नाही,’ असं ती म्हणाली, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कायद्याची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण मामेभावाच्या मूळ हेतूशी तिचा थेट संबंध आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. न मागता मिळालेल्या भेटींची यादी त्यानुसार ठेवायची असते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, देणारा नात्यातला असेल तर नातं काय. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, वराच्या भेटींची वरानं, आणि खाली दोघांच्या सह्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधनावर पूर्ण मालकी त्या बाईचीच असल्याचं स्पष्ट केलं. मी पाहिलेल्या लग्नांत अशी यादी जवळजवळ कुणी करत नाही. बापाची वही असते तेवढीच. पण मुलीला स्वतंत्रपणे काही द्यायचं असेल, पुढं कधी संसारात बिनसलं तर ते तिचं म्हणून सिद्ध करता यावं असं वाटत असेल, तर त्या यादीतल्या एका ओळीचं बळ कुठल्याही कार्डापेक्षा मोठं आहे. आयकराची भीती काहींना असते; लग्नाच्या निमित्तानं वधू-वराला मिळालेल्या भेटीवर कर लागत नाही. फक्त एकाच माणसाकडून एका कार्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही.

मामेभावानं काय केलं असतं म्हणजे त्याचा हेतू साधला असता? टेबलावर मामांच्या नावानं पाच हजार एक लिहवायचे, म्हणजे २०१९ चं देणं फिटलं असतं आणि मंडपवाल्याच्या बिलालाही हातभार लागला असता. उरलेले पाच हजार बहिणीच्या स्वतःच्या बँक खात्यावर टाकायचे आणि गुरुजींना सांगून त्याच ओळीत ‘मुलीच्या खाती ५,०००’ असं लिहवायचं. तिचं खातं होतं, महाविद्यालयात असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. मशीन जूनमध्येच आलं असतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, खात्यावर पैसे टाकले तर लग्नात हातात द्यायला काय? त्याची ही अडचणही खरी आहे. माणूस मांडवात येतो, ताईच्या हातात काहीतरी ठेवावं वाटतं. तिच्या हातात साडी ठेवावी, पाकिटात एकशे एक घालून द्यावं. मोठी रक्कम तिला जिथं वापरता येईल तिथं जाऊ द्यावी. कार्डाला माझा सरसकट विरोध नाही. छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात शिकणाऱ्या भाचीला पुस्तकांच्या दुकानाचं कार्ड दिलं आणि ते दुकान तिच्या रोजच्या वाटेवर असलं तर उत्तम. कार्ड देण्याआधी घेणारा त्या दुकानात एरवी जातो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

शेवटी वही दुरुस्त झाली. गुरुजींना बोलावून त्यांच्याच हातानं ‘एक कार्ड’ च्या पुढं ‘१०,०००, मुलीस’ असं लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली. मामेभावानं बिलाची प्रत पाठवली, ती वहीत डकवली आहे. आजीनं तोंडी हिशोब केला: दहा हजारांतून २०१९ चे पाच हजार एक आणि फेब्रुवारीतले हजार एक वजा जाता चार हजारांच्या आसपास निघतात, वाढवून पाच हजार एक. मुलगी म्हणते कार्ड माझ्या नावाचं होतं, फेड मी करणार. वडिलांना लेकीकडून पैसे घ्यायचे नाहीत. मामेभावाच्या घरी बारसं ठरलंय. वडिलांनी पाच हजार एक वेगळे काढले आहेत. मामांनी निरोप धाडलाय की जे तुमच्यापर्यंत पोचलंच नाही त्याचे पैसे मी घेणार नाही. आजीनं दोघांना सांगून ठेवलंय, बारशाला मी येणार आहे, वही माझ्यासमोर उघडा.